टेंडर बोटीने किनाऱ्यावर जाताना: क्रूझवरील ज्येष्ठ व आजारी प्रवाशांनी स्वतःच्या सहलीचे नियोजन कसे करावे?

क्रूझला निघण्यापूर्वी तपासणीसाठी येणारे ज्येष्ठ नागरिक बहुतेक वेळा तीन प्रश्न विचारतात: बोट लागेल का, विमानात पाय सुजतील का आणि औषधे किती न्यायची? चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण तब्येतीच्या दृष्टीने तोही तितकाच महत्त्वाचा आहे. वाटेतल्या प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागणार आहे, की समुद्रातच उभे राहणार आहे?

जहाज समुद्रात उभे राहणार असेल आणि तुम्ही क्रूझ कंपनीची सहल न घेता स्वतःच फिरायचे ठरवले असेल, तर त्या दिवसाचे नियोजन वेगळ्या पद्धतीने करावे लागते. ते कसे करायचे, हे या लेखात पाहू.

टेंडर बंदर म्हणजे काय?

काही बंदरांत पाणी उथळ असते किंवा मोठ्या जहाजाला लागण्याइतका धक्काच नसतो. अशा ठिकाणी जहाज किनाऱ्यापासून काही अंतरावर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेले जाते. या बोटींना टेंडर म्हणतात. कधी जहाजाच्याच जीवरक्षक बोटी वापरतात, तर कधी स्थानिक लाँच.

गेटवे ऑफ इंडियाहून एलिफंटाला लाँचने गेलेल्यांना याची कल्पना येईल. पायरी स्थिर असते, पण बोट वरखाली होत असते. मधली फट क्षणात लहान होते, क्षणात मोठी. तिथला माणूस हात पुढे करतो आणि "आता या" म्हणतो. टेंडरमध्येही हेच घडते, आणि दिवसातून चार वेळा: जहाजातून बोटीत, बोटीतून धक्क्यावर आणि येताना पुन्हा तसेच.

ग्रीसमधील सँटोरिनी, फ्रान्समधील व्हिलफ्रांश, कॅरिबियनमधील ग्रँड केमन ही अशी प्रसिद्ध बंदरे आहेत. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचे प्रवासीही लहान बोटींनीच बेटावर उतरतात.

रुग्णासाठी यात फरक काय पडतो?

जहाज धक्क्याला लागलेले असेल, तर दमल्यावर किंवा औषध विसरल्यावर तुम्ही टॅक्सी करून थेट जहाजावर परतू शकता. परत येणे तुमच्या हातात असते. टेंडर बंदरात ते तुमच्या हातात नसते. आधी धक्क्यापर्यंत यायचे, मग रांग, मग बोटीची वाट आणि मग समुद्रातला प्रवास. वारा वाढला किंवा लाटा उसळल्या, तर कप्तान टेंडरची ये-जा थांबवू शकतो. सकाळी शांत असलेला समुद्र दुपारी तसाच राहील, याची खात्री नसते.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा. टेंडर बंदरात उतरताना केबिनमधली औषधे पुढचे कित्येक तास आपल्याला मिळणार नाहीत, असे समजूनच उतरायचे. या लेखातील बाकीचा बहुतेक सल्ला याच एका गोष्टीतून येतो.

स्वतःच्या सहलीत आणखी एक फरक असतो. कंपनीच्या सहलीची बस वाहतुकीत अडकली, तर जहाज सहसा थांबते किंवा कंपनी पुढची व्यवस्था करते. स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबेलच, असे धरू नका. शिवाय सकाळी कंपनीच्या सहलींचे प्रवासी सहसा आधी उतरवले जातात आणि स्वतंत्र प्रवाशांना क्रमांकाचे तिकीट घेऊन थांबावे लागते.

उदाहरण म्हणून सँटोरिनी पाहू

भूमध्य समुद्रातल्या क्रूझमध्ये सँटोरिनी हे बहुतेकांच्या आवडीचे बेट आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकाने तयार झालेल्या खोल खाडीत जहाज उभे राहते. स्वतंत्र प्रवाशांना टेंडर बोट जुन्या बंदरावर सोडते. मुख्य गाव फिरा मात्र तिथून सुमारे २२० मीटर उंच कड्यावर आहे. वर जायला तीन मार्ग आहेत.

केबल कार: वर जायला काही मिनिटेच लागतात, पण एका फेरीत मोजकेच प्रवासी मावतात. एकाच दिवशी तीन-चार जहाजे आली, तर रांगेत तासभर किंवा त्याहून जास्त उभे राहावे लागते. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांसाठी खरी परीक्षा या उन्हातल्या रांगेची असते.

पायऱ्या: साधारण ५८० ते ५९० पायऱ्या आहेत. दगड झिजून गुळगुळीत झालेले आहेत आणि वाटेवर गाढवांची लीद असते. "चढायला नको, पण उतरताना पायऱ्यांनी येऊ" असे अनेक जण ठरवतात. गुडघ्यांची झीज झालेल्यांना चढण्यापेक्षा उतरणे जास्त त्रासाचे असते आणि पडण्याची भीतीही उतरतानाच अधिक असते.

गाढव: हाडे ठिसूळ असतील, कंबरेचा किंवा मणक्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील, तर गाढवावर बसू नये. १०० किलोपेक्षा जास्त भार गाढवावर लादण्यास ग्रीसमध्ये २०१८ पासून मनाईही आहे.

कंपनीच्या सहलीचे प्रवासी अनेकदा अथिनिओस या दुसऱ्या बंदरावर उतरतात आणि तिथून बसने वर जातात. त्यांची सकाळची रांग वाचते. पण सहल संपल्यावर त्यांनाही बहुधा फिरा गावात सोडले जाते आणि खाली येताना केबल कारच्या रांगेत उभे राहावेच लागते. म्हणून कंपनीची सहल घेतली तरी "परत कुठून आणणार?" हे आधी विचारा.

सगळीच टेंडर बंदरे इतकी अवघड नसतात. व्हिलफ्रांशला किंवा ग्रँड केमनच्या जॉर्जटाउनला बोट सपाट किनाऱ्यावर सोडते आणि समोरच गाव असते. तिथे जमणारी व्यक्ती सँटोरिनीला अडकू शकते. प्रत्येक बंदरासाठी दोन गोष्टी शोधा: बोट नेमकी कुठे सोडते, आणि तिथून गाडीरस्त्यापर्यंत किती चढ व किती पायऱ्या आहेत?

वेळेचा हिशेब शेवटाकडून करा

आपण सहसा सकाळपासून पुढे ठरवत जातो: आधी हे पाहू, मग जेवू, मग ते पाहू. टेंडर बंदरात शेवटच्या बोटीपासून मागे मोजत या. समजा, जहाज संध्याकाळी ६ वाजता सुटणार आहे आणि शेवटची टेंडर बोट ५ वाजता आहे.

• ज्येष्ठ किंवा आजारी व्यक्ती बरोबर असेल, तर शेवटच्या बोटीवर विसंबू नका. निदान तासभर आधी, म्हणजे ४ वाजता, खाली धक्क्यावर पोहोचा.
• केबल कारच्या रांगेसाठी दीड तास धरा. म्हणजे दुपारी अडीचला वरच्या रांगेत उभे राहा.
• सकाळी तुमचा क्रमांक येऊन, बोटीने उतरून, रांग लावून वर पोहोचायला ११ वाजतील.
• हातात उरतात साडेतीन तास. त्यात जेवण आणि दोनदा बसून विश्रांती धरली, तर एकच ठिकाण नीट पाहून होईल.

फिरा, तिथून सुमारे ११ किलोमीटरवरचे इया आणि वर एखादा समुद्रकिनारा, असा बेत तरुणांना कदाचित जमेल. सत्तरीतल्या आई-वडिलांना घेऊन तो करू नका.

जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ कधीकधी वेगळी असते. मोबाइल स्थानिक नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलतो. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि तेच पाहा.

बोटीत चढता-उतरताना

• दोन्ही हात मोकळे ठेवा. सामान पाठीवरच्या पिशवीत ठेवा. हातात मोबाइल, पर्स, पाण्याची बाटली नको.
• काठी आधी कर्मचाऱ्याच्या हातात द्या, मग पाऊल टाका.
• कर्मचारी सांगेल तेव्हाच पाऊल उचला आणि एकदा उचलले की मध्येच थांबू नका. त्याला तुमचा हात कोपराखाली धरू द्या.
• मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला किंवा बूट घाला. साडी नेसत असाल, तर त्या दिवशी पंजाबी ड्रेस किंवा पॅन्ट सोयीची पडते.
• दूरचे व जवळचे एकाच काचेत दिसणारा चष्मा असेल, तर पायरी धूसर दिसते. फक्त दूरचा चष्मा असेल तर तो लावा.
• व्हीलचेअर वापरत असाल, तर बुकिंगच्या वेळीच कंपनीला लेखी विचारा. अनेक जहाजांवर बॅटरीवर चालणारी जड खुर्ची टेंडरमध्ये नेता येत नाही, आणि प्रवाशाला काही पावले स्वतः टाकता यावी लागतात. कर्मचारी माणसाला उचलून नेतील, असे गृहीत धरू नका.

मुंबई परिसरात राहत असाल, तर एक सोपी पूर्वतयारी करता येते. हवामान चांगले असताना लाइफ जॅकेट घालून एलिफंटाची एक फेरी करा. लाँचमध्ये चढणे-उतरणे, साधारण तासाभराचा समुद्रप्रवास आणि वर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या. ते जमले, तर बहुतेक टेंडर बंदरे जमतील. तिथेच दम लागला किंवा छातीत जड वाटले, तर आधी तपासणी करून घ्या.

बोट लागत असेल तर

मोठ्या जहाजावर काहीच न जाणवणाऱ्यांनाही लहान बोटीत मळमळू शकते. मध्यभागी बसा, नजर दूर क्षितिजावर ठेवा, मोबाइल पाहू नका. पोट रिकामे नको आणि तुडुंब भरलेलेही नको.

गोळी घ्यायची असेल, तर निघण्यापूर्वी तासभर घ्यावी लागते. प्रोमेथाझिन, म्हणजे अनेकांना माहीत असलेली अॅव्होमिन, घेतल्यावर झोप येते. वयस्कर व्यक्तींचा तोल जाऊ शकतो, गोंधळल्यासारखे होऊ शकते. प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवी अडू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत ती धोक्याची ठरते. पार्किन्सन असलेल्यांनी प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशी गोळी घेतली असेल, तर किनाऱ्यावर भाड्याची गाडी किंवा स्कूटर चालवू नका आणि मद्यही टाळा.

आजारानुसार घ्यायची काळजी

मधुमेह: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर रांगेत जेवण लांबल्यामुळे अचानक उतरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे आहेत. उन्हामुळे होत असेल म्हणून दुर्लक्ष करू नका. साखर ७० पेक्षा कमी असेल किंवा तपासता येत नसेल, तर लगेच तीन लहान चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल, तर तोंडातून काही देऊ नका, रुग्णवाहिका बोलवा. जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊ नका. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नका. पायांची संवेदना कमी असेल, तर तापलेल्या दगडांवर किंवा वाळूत अनवाणी चालू नका आणि परतल्यावर तळवे तपासा.

हृदयविकार: सॉर्बिट्रेट दिलेली असेल, तर ती खिशात ठेवा, मोठ्या पिशवीच्या तळाशी नको. छातीत दुखले, तर जिथे आहात तिथेच बसा आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर रुग्णवाहिका बोलवा. "जहाजावर गेल्यावर डॉक्टरांना दाखवू" असे म्हणत केबल कार आणि बोटीच्या रांगेत उभे राहू नका.

लघवीची गोळी: बोटीत स्वच्छतागृह नसते, म्हणून अनेक जण त्या दिवशी ही गोळी परस्पर बंद करतात आणि पाणीही पीत नाहीत. हृदय कमकुवत असलेल्यांना एक दिवसाची गोळी चुकणेही महागात पडू शकते. गोळी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा. पाणी मोजून पिण्याचा सल्ला असेल, तर उन्हात किती प्यायचे तेही विचारा.

रक्त पातळ होण्याची औषधे: पडल्यावर डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. आत होणारा रक्तस्राव सुरुवातीला जाणवत नाही.

दमा व फुप्फुसांचे आजार: तातडीचा इनहेलर सोबत हवाच.

किनाऱ्यावर नेण्याच्या पिशवीत काय असावे?

• किमान दोन दिवसांची सर्व औषधे, मूळ स्ट्रिपसह. जहाज चुकले, तर हीच उपयोगी पडतात.
• औषधांची मूळ नावे लिहिलेले इंग्रजीतील प्रिस्क्रिप्शन, आजारांची आणि अॅलर्जीची एका पानावर माहिती. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा.
• ग्लुकोज पावडर, ग्लुकोमीटर, पाणी आणि कारखान्यात सीलबंद केलेली बिस्किटे किंवा चिक्की. फळे आणि जहाजावरचे शिजवलेले पदार्थ किनाऱ्यावर नेण्यास अनेक देशांत मनाई असते.
• जहाजाचे कार्ड, पासपोर्टची प्रत, विमा पॉलिसीचा क्रमांक, बंदरातील एजंटचा फोन क्रमांक. तो क्रमांक जहाजाच्या रोजच्या माहितीपत्रकात सहसा छापलेला असतो.
• टोपी, हलकी घडीची काठी आणि थोडे स्थानिक चलन.

विमा काढताना जुने आजार लपवू नका. बोटीने किंवा हेलिकॉप्टरने रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, तेही पाहा.

त्या दिवशी जहाजावरच कोणी थांबावे?

• नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल आणि डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिली नसेल
• सपाट जमिनीवर चालतानाही दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल
• चक्कर येत असेल किंवा आधाराशिवाय एक पायरी उतरता येत नसेल
• ताप, उलट्या किंवा जुलाब होत असतील. अशा वेळी जहाजावरच्या डॉक्टरांना आधी कळवा.

किनाऱ्यावर त्रास झाला तर?

ग्रीससह युरोपीय संघातील सर्व देशांत ११२ हा तातडीचा क्रमांक चालतो. ग्रीसमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६ हा क्रमांकही आहे. सँटोरिनीवर फिराजवळ कार्तेराडोस येथे २०१६ पासून रुग्णालय सुरू आहे. लक्षद्वीपच्या बेटांवर सोयी मर्यादित आहेत आणि गंभीर रुग्णाला कोचीला हलवावे लागते. तिथे जाताना ही बाब लक्षात घेऊन आधीच निर्णय घ्या.

त्रास गंभीर असेल, तर जहाज चुकू द्या. बंदरातील एजंटला फोन करा, विमा कंपनीला कळवा आणि रुग्णाजवळ एक जण थांबा. पुढच्या बंदरात जहाज पुन्हा गाठता येते किंवा तिथूनच घरी परतता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आई-बाबा "आम्हाला जमेल" म्हणतात. विश्वास ठेवावा का?

मुलांनी एवढा खर्च केला, आपल्यामुळे त्यांचा दिवस वाया जायला नको, म्हणून अनेक आई-वडील दुखणे बोलून दाखवत नाहीत. "जमेल का?" असे विचारू नका, उत्तर नेहमी "हो"च येते. "परवा बाजारातून येताना किती वेळा थांबलात?", "जिना उतरताना कठडा धरावा लागतो का?" असे विचारा. आणि शक्य असेल, तर एकदा बरोबर चालून पाहा.

मग त्यांना जहाजावर एकटे ठेवायचे?

तसे करण्याची गरज नाही. घरातल्यांनी पाळी लावावी. एक जण सकाळी थांबेल, दुसरा दुपारी. सँटोरिनीचा कडा आणि त्यावरची पांढरी घरे जहाजाच्या डेकवरून फार सुंदर दिसतात. चहा घेत ते दृश्य पाहण्यातही आनंद असतो. मात्र थांबायचा निर्णय आदल्या दिवशी, सगळ्यांनी मिळून घ्या. सकाळी बोटीच्या दारात उभे राहून घेतलेला निर्णय वडिलांना अपमानासारखा वाटतो.

कंपनीची सहल घ्यावी की स्वतःची?

व्यक्ती बरी चालणारी असेल, आजार आटोक्यात असेल आणि बोट सपाट किनाऱ्यावर सोडत असेल, तर स्वतःची सहल अधिक आरामाची ठरू शकते. हवे तिथे थांबता येते, हवे तेव्हा जेवता येते. बोट उतरल्यावर मोठा चढ असेल, अंतर लांब असेल किंवा त्या दिवशी अनेक जहाजे येणार असतील, तर कंपनीची सहल घ्या. सहलीच्या वर्णनात किती चालणे आणि किती पायऱ्या आहेत, हे दिलेले असते. ते वाचूनच निवडा.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी प्रवासाचा पूर्ण कार्यक्रम घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. ज्या बंदरांपुढे टेंडर लिहिले आहे, त्यांवर पेनाने खूण करा आणि प्रत्येक बंदराबद्दल वेगळे विचारा. "क्रूझला जाऊ का?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "जा" असेच असते. "या बंदरात उतरू का?" याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकते.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांत किंवा त्यांच्या वेळेत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.